हातचं राखून

लखनौला आम्ही आलो हवाई दलाच्या बदलीवर आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो. वृंदावन योजनेत घर घेतलं तेव्हा रत्नागिरीहून थोरल्या भावाने फोनवर विचारलं, "तिथे आंबा मिळतो का रे?"

"मिळतो की. दशेरी मिळतो."

"मी आंब्याचं विचारलं," तो म्हणाला.

त्या भावाला मी अजून नीट सांगितलेलं नाही की गेली काही वर्षं मी दशेरीच्याच धंद्यात आहे. त्याच्या समजुतीप्रमाणे मी एका फूड कंपनीत मॅनेजर आहे. हे खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. माझ्या हातून झालेल्या बहुतेक चुका याच मधल्या जागेत झाल्या आहेत.

वीस वर्षं मी हवाई दलाच्या भांडारात काढली. सुटे भाग मागवायचे, जपायचे, द्यायचे. तिथे पहिल्याच आठवड्यात शिकवतात की विचारलं तेवढंच सांगायचं आणि ज्याला कळायची गरज आहे त्यालाच सांगायचं. तिथे ते बरोबर होतं. निवृत्त होताना मी बाकी सगळं सामान जमा केलं, ही सवय तेवढी बरोबर घेऊन आलो.

आमचं पॅकहाउस म्हणजे मलिहाबादच्या रस्त्यावरची एक मोठी पत्र्याची शेड. बागेतून फळ येतं, बायका ते धुतात, निवडतात, पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरतात, आणि ट्रक पुण्याला जातो. फळ पिकवणारे वेगळे, खोकी करणारे वेगळे, वाहून नेणारे वेगळे, विकत घेणारा वेगळा. त्या सगळ्यांच्या मध्ये निरोप पोहोचवणारा मी. पहिल्या वर्षी मी घरी एक करंडी नेली आणि बायकोला रुबाबात सांगितलं, "पाल का आम आहे." इकडे गवतात घालून पिकवलेल्या आंब्याला पालचा आंबा म्हणतात. आपण त्याला अढीतला म्हणू. बायकोने ती करंडी झाडूने ढकलत गॅलरीत नेली आणि पाल निघून जाईपर्यंत आत घेणार नाही म्हणाली.

बाग चचांची. साठी ओलांडलेले, पांढरा कुर्ता, झाडावर चढलेल्या मजुरालाही "आप ज़रा बाईं डाल देखिए" असं सांगणारे. खोकी निशातगंजच्या एका दीदींकडून यायची. त्यांच्या सासऱ्यांचा छापखाना होता. लोकांनी लग्नपत्रिका मोबाइलवर पाठवायला सुरुवात केली तशी दीदींनी तिथेच खोक्यांचं काम काढलं. आणि ट्रक पहलवानांचे. तरुणपणी कुस्ती खेळायचे म्हणून पहलवान. आता ट्रान्सपोर्ट नगरला ऑफिस, दोन ट्रक आणि भलं मोठं पोट. चचा आणि पहलवान यांची दोस्ती चाळीस वर्षांची. धंद्याची सुरुवात दोघांनी चारबाग स्टेशनच्या पार्सल ऑफिसात आंब्याच्या पेट्यांवर बसून गाडीची वाट बघण्यापासून केली होती. चचा सगळ्या जगाला 'आप' म्हणत आणि पहलवानांना 'तू'. लखनौत चाळीस वर्षांत एवढंच जवळ येतात माणसं, पण ते फार जवळ असतं.

आता या धंद्याची रीत सांगतो. हातचं राखून बोलणं, असं आपण म्हणतो ना, तसं इथे सगळेच बोलतात. मला खोकी लागायची तेवढी मी कधीच सांगितली नाहीत; वाढवूनच सांगायचो, कारण दीदी कमी पाठवतील ही धास्ती. चचांना तोडणीची तारीख दोन दिवस अलीकडची सांगायचो, कारण ते उशीर करतील. चचा मला फळ कमी आहे असं सांगायचे, कारण जास्त सांगितलं की भाव पडतो. पुण्याचा व्यापारी किती माल घेणार हे तर मी कुणालाच कळू द्यायचो नाही. हे सगळं मी हुशारी समजत होतो. प्रत्येकाच्या हातचं माझ्याकडे जमा व्हायचं आणि मला वाटायचं की गणित मला येतंय.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमधली गोष्ट. पुण्याने दोन गाड्या मागितल्या होत्या, लागोपाठच्या दोन दिवशी. पहिली गेली. त्या दिवशी दुपारी मी डबा उघडून बसलो होतो आणि पुण्याच्या व्यापाऱ्याचा फोन आला. "उद्याची गाडी राहू द्या," तो म्हणाला. "इकडे माल उठत नाहीये." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

आता मला दोनच फोन करायचे होते. चचांना, की उद्या तोडू नका. पहलवानांना, की उद्या गाडी लावू नका. दहा शब्दांचा निरोप. मी भेंडीची भाजी खात बसलो. मनात म्हटलं, पुणेवाला मागे सरतोय हे चचांना कळलं तर पुढच्या वर्षीचं फळ ते दुसऱ्याला देतील. मनात म्हटलं, संध्याकाळपर्यंत पुण्याचा विचार बदलेल. व्यापाऱ्यांचे बदलतात.

नाही बदलला. सकाळी आठला चचांची ट्रॉली फळाने भरून फाटकात उभी, वर स्वतः चचा. देठासकट तोडलेलं, चिकाचा एक डाग नसलेलं फळ. त्यांनी विचारलं, "गाड़ी कब लगेगी, फ़ौजी साहब?"

मी म्हणालो, "पहलवान की गाड़ी कानपुर में खड़ी हो गई, चचा. इंजन."

कुठून आलं ते इंजन, मला आजही माहीत नाही. तोंड उघडलं आणि ते तयारच होतं. पाऊण तासाने पहलवानांचा फोन. गाडी धुऊन पुसून ट्रान्सपोर्ट नगरला उभी होती. आमच्यासाठी त्यांनी बटाट्याचं भाडं सोडलं होतं. "कितने बजे लगाऊँ?"

"आज रहने दीजिए," मी म्हणालो. "चचा ने माल ही नहीं तोड़ा."

दोन फोन करायचे टाळले म्हणून दोन थापा माराव्या लागल्या. दुसरी गाडी शोधतोय असं चचांना दुपारपर्यंत सांगत राहिलो. त्या उन्हात फळ थांबत नाही. ते मंडीत जाऊन पडेल त्या भावाने गेलं.

मला खात्री होती की चार दिवसांत ते दोघे भेटतील, एकमेकांना शिव्या देतील, माझं बिंग फुटेल आणि मी ओशाळा होऊन माफी मागेन. पण ही लखनौची माणसं. भांडली असती तर माझी थाप अर्ध्या तासात उघडी पडली असती. ती भांडलीच नाहीत. चचा पहलवानांना 'वो साहब' म्हणायला लागले. पहलवान म्हणायचे, "बड़े लोग हैं, भाई, उनकी मर्ज़ी." मंडीत समोरासमोर आले की एकमेकांना 'आप' म्हणून सलाम करायचे. तो 'आप' ऐकला की मी दर वेळी काहीतरी काम काढून तिथून सटकायचो. चचांचा माल मी दुसऱ्याच्या गाडीने पाठवायला लागलो आणि पहलवानांना इतर बागांचं काम देत राहिलो. म्हणजे त्या दोघांच्या मधली भिंत मीच रोज थोडी लिंपत होतो.

त्याच थंडीत चचांच्या मुलीचं लग्न झालं. मुलगा भोपाळचा. पहलवानांनी त्या मुलीला खांद्यावर बसवून बागेत फिरवलेलं. त्यांना आमंत्रण नव्हतं. मला होतं. मी गेलो. चचा स्वतः माझ्या ताटात वाढत होते आणि मी दोनदा वाढून घेतलं, कारण नको म्हटलं असतं तर त्यांनी कारण विचारलं असतं. चचा मधूनमधून फाटकापर्यंत जाऊन येत होते. मला कळत होतं ते कुणाला बघायला जातायत.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

यंदा मे महिन्यात पुण्याच्या व्यापाऱ्याने फोन करून मराठीत जे सुनावलं त्यामुळे गोष्ट हलली. "साहेब, तुमच्याकडून दर वर्षी काही ना काही वेगळंच येतं. सांगता एक, पोहोचतं दुसरं. यंदा तीन गाड्या घेतो, पण एका अटीवर. तोडणी किती झाली ते ज्याने तोडली त्याने सांगायचं. खोकी किती आहेत ते ज्याने केली त्याने. गाडी कुठे आहे ते गाडीवाल्याने. मला मधला माणूस नको."

"मधला माणूस मीच आहे," मी म्हणालो.

"तुम्ही राहा हो. मध्ये राहू नका फक्त."

फोनवर ग्रुप करायचं ठरलं. मला ते नीट जमत नाही म्हणून लेकीकडे फोन दिला. तिने एकेकाला आत घेतलं. पुणे, दीदी, पहलवान, चचा. कुठल्याच बागेचं फळ चचांच्या तोडीचं नव्हतं. व्यापाऱ्याला तेच हवं होतं, आणि वेळेवर पोहोचणारी गाडी पहलवानांचीच. आम्ही जेवायला बसलो. लेक फोन बघत म्हणाली, "पापा, ये जो चचा हैं ना, ये निकल गए."

"कुठे निकल गए?"

"ग्रुप से. पहलवान अंकल का मैसेज आया, 'सबको नमस्कार,' और ये लेफ़्ट."

मी चचांना फोन केला. अतिशय गोड आवाजात ते म्हणाले, "फ़ौजी साहब, बुरा मत मानिएगा. जिस महफ़िल में वो साहब हों, वहाँ मेरा क्या काम. आप बाग़ किसी और का देख लीजिए."

फोन ठेवला आणि त्या जेवणाच्या टेबलावरच मी सगळं सांगितलं. पुण्याचा फोन, भेंडीची भाजी, कानपूर, इंजन, सगळं. बायको आमटी वाढता वाढता थांबली होती.

"म्हणजे पहलवानांना लग्नाला बोलावलं नाही ते तुमच्यामुळे," ती म्हणाली.

"हो."

"आणि तुम्ही जेवून आलात."

"हो."

"घरी येऊन मला सांगितलंत की कोर्मा छान होता."

लेक माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी अनोळखी आहे आणि चुकून आमच्या घरात जेवतोय. "पापा, आपने दोनों को अलग-अलग झूठ बोला?" ती म्हणाली. "एक ही बोल देते, कम से कम मैच तो करता."

बायकोला तेवढ्यातही हसू आलं. मग ती म्हणाली, "सकाळी जा. फोनवर नको. फोनवर तुम्हाला काहीतरी सुचेल."

सकाळी गेलो. जूनचे पहिले दिवस. चचा बागेत खाटेवर बसून फांद्या बघत होते. त्यांनी मला बसायला जागा केली, मी उभाच राहिलो. शाळेत फळ्यापाशी उभं केल्यासारखं वाटत होतं. काही न वगळता सांगितलं. मध्ये एकदा "मजबूरी थी" असे शब्द तोंडात आले, ते गिळले, कारण मजबुरी नव्हती.

चचांनी खाटेवरचं एक वाळलेलं पान उचलून खाली टाकलं. मग त्यांनी विचारलं, "इंजन में क्या ख़राबी थी?"

"कुछ नहीं, चचा. गाड़ी ठीक थी. यहीं लखनऊ में थी."

"मैंने दो साल उस इंजन को बददुआ दी है," ते म्हणाले. "नाम लेकर."

मग ते उठले. "बैठिए, मैं कुर्ता बदलकर आता हूँ. उसके पास चलना है."

"आज ही?"

"दो साल तो आप ले चुके हैं, फ़ौजी साहब. अब कितने चाहिए?"

माझ्या जुन्या गाडीत आम्ही निघालो. मलिहाबादहून ट्रान्सपोर्ट नगर म्हणजे शहर ओलांडून पलीकडे. चचा पुढे बसले होते, हात मांडीवर.

"रास्ता मालूम है?"

"मालूम है."

"सच?"

"सच, चचा."

थोड्या वेळाने मी म्हणालो की पुढे जाम असेल, आतल्या रस्त्याने घेतो. "सच?" पेट्रोल भरायला थांबलो, तिथल्या माणसाला मी म्हटलं की सुटे नाहीत. चचा खिडकीतून त्याला म्हणाले, "देख लीजिए, भैया, इनकी आदत है." आलमबागेपर्यंत मला कळेना की मी शिक्षा भोगतोय की सहलीला निघालोय. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी बसून मला नीट श्वास घेता येत होता.

पहलवान ऑफिसच्या दारात कूलरसमोर खुर्ची टाकून बसले होते. चचांना बघून उठले, शर्ट खाली ओढला. "आइए, तशरीफ़ रखिए," ते अगदी थंडपणे म्हणाले.

"तशरीफ़ गई भाड़ में," चचा म्हणाले. "तेरी गाड़ी कानपुर में बिगड़ी थी?"

'तेरी' ऐकून पहलवान दचकलेच. "कब?"

"दो साल पहले. जून में."

"मेरी गाड़ी तो यहीं खड़ी थी. माल तूने नहीं तोड़ा था."

"मैंने नहीं तोड़ा? ट्रॉली भर के खड़ा रहा मैं धूप में."

दोघे एकमेकांकडे बघत राहिले आणि मग दोघांनीही एकाच वेळी माझ्याकडे तोंड वळवलं. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, पण पहलवान मध्येच प्रश्न विचारत होते, आणि प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर देताना मला कळत होतं की मी दर वेळी किती सहज थांबू शकलो असतो.

बटाट्याच्या भाड्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. त्यांनी फक्त चचांना विचारलं, "तो बिटिया की शादी में इसलिए नहीं बुलाया?"

"और तू?" चचांचा आवाज चढला, मी तो पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "तू बिना बुलाए नहीं आ सकता था? चालीस साल से मेरे घर में बिना बुलाए खा रहा है. उसी दिन शराफ़त सूझी?"

पहलवान खाली बसले. कूलरचा वारा त्यांच्या कपाळावरच्या चार केसांना उडवत होता. "मैं बिटिया के लिए मिक्सर लाया था," ते म्हणाले. "तीन जार वाला. साल भर डिब्बे में रखा."

"फिर?"

"फिर घरवाली ने खोल लिया. कहने लगी, अब तो उसका बच्चा भी हो जाएगा, चटनी कब पीसेंगे."

चचांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. पहलवानही हसायला लागले, पोट धरून, आणि मग खरंच डोळे पुसायला लागले. मी मध्ये उभा. मला हसायचा अधिकार नव्हता, म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो.

पहलवानांनी समोरच्या टपरीवाल्याला हाक मारली, "तीन चाय."

"दो," चचा म्हणाले.

"अरे, घर आया आदमी है."

"अच्छा तीन. पर इनकी फीकी."

तो बिनसाखरेचा चहा मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो. चांगला लागला, हे सांगितलं तर कुणाला पटायचं नाही.

त्या दुपारी चचा पुन्हा ग्रुपमध्ये आले. मी तिथे पुण्याच्या व्यापाऱ्याचा मागणीचा संदेश होता तसा टाकला, आकड्यासकट. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडचा आकडा आणि सगळ्यांकडचा आकडा एकच झाला. पाच मिनिटांत दीदींचा फोन.

"फ़ौजी साहब, ये असली गिनती है?"

"असली है, दीदी."

"और इतने साल जो आप बताते थे?"

म्हटलं आज कबुलीचाच दिवस आहे. "मैं चौथाई बढ़ाकर बताता था. डर लगता था कि आप कम भेजेंगी."

पलीकडून खूप हसू ऐकू आलं, त्यामागे मशीनची खडखड. "अरे, हम तो पहले दिन से आपकी गिनती में से पाँचवाँ हिस्सा काटकर ही काग़ज़ मँगाते थे. हमारे ससुर कह गए थे, आमवाले बढ़ाकर बोलते हैं."

"मतलब..."

"मतलब हम दोनों बरसों मेहनत करके सही गिनती पर पहुँचते थे. सीधे भी पहुँच सकते थे."

मग जे पंधरा दिवस गेले ते या शहरातले माझे सगळ्यात आनंदाचे दिवस म्हणायला हरकत नाही. चचांना टाइप करता येत नाही. ते बोलून पाठवत. पुण्याला हवी होती तोडणीची संख्या. चचा सांगत की तिसऱ्या रांगेतल्या म्हाताऱ्या झाडाने यंदा नखरा केलाय, पश्चिमेकडून वारा आहे, माकडं आली होती पण सभ्य होती, आणि मग शेवटी जाता जाता संख्या. शेडमधल्या बायका फळ निवडता निवडता ते स्पीकरवर लावायच्या. एका सकाळी त्यांचा निरोप आला, "मुबारक हो, पहला टपका गिरा." झाडावर पिकून आपोआप पडलेला पहिला आंबा. कोकणात आपण पाड लागला म्हणतो. तो पडला की समजायचं, बाग तोडणीला आली. एरवी ही बातमी चचा चार दिवस उशीखाली ठेवायचे. आता ती पुण्यालाही त्याच मिनिटाला कळली, आणि पुण्याने स्वतःहून पहिली गाडी दोन दिवस अलीकडे घेतली. दीदींनी लगेच लिहिलं, खोकी परवा सकाळी पोहोचतील. पहलवानांनी लिहिलं, गाडी तयार, टायरमध्ये हवा भरतोय. पुण्याच्या व्यापाऱ्याने मला वेगळा फोन करून म्हटलं, "मला एवढं नको होतं हो. माकडांचं काय करू मी?" पण चचांचा निरोप अर्धा तास उशिरा आला तर तोच विचारायचा, "आज काका बोलले नाहीत का?"

मी रिकामा झालो होतो. पूर्वी दिवसाला चाळीस फोन करायचो. आता शेडच्या दारात उभा राहून फळाचा वास घ्यायला वेळ होता. खोकी आली त्याच दिवशी फळ आलं आणि फळ भरून झालं त्याच तासाला गाडी लागली. त्यात माझी हुशारी काहीच नव्हती.

पहिली गाडी भरली तेव्हा पहलवान स्वतः आले, नवा शर्ट घालून. त्यांच्या मागून चचा, हातात पिशवी. भोपाळ वाटेवरच पडतं, म्हणून दोघांनी मुलीकडे जायचं ठरवलं होतं. ट्रक पुढे पुण्याला जाणार, हे दोघे रेल्वेने परतणार. ड्रायव्हरच्या शेजारी एका खोक्यात नवा मिक्सर ठेवलेला होता. त्यावरून आधीच वाद चालू होता.

"चार जार वाला क्यों लिया?"

"दो साल का ब्याज."

चचा केबिनमध्ये चढण्याआधी माझ्यापाशी आले. मी हात जोडले. त्यांनी ते खाली केले आणि म्हणाले, "देखिए, फ़ौजी साहब, माफ़ी मैंने अभी दी नहीं है. नुक़सान बिटिया का हुआ है. उससे पूछकर बताऊँगा. वो मना भी कर सकती है, मिज़ाज उसका अपनी माँ पर गया है."

गाडी गेली. मला धाकधूक होती, पण ती जुन्या धाकधुकीसारखी नव्हती. जुनीत कुणाला काही कळू नये असं वाटायचं. आता निकाल कधी कळतो याची वाट होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रुपमध्ये चचांच्या फोनवरून आवाज आला. चचांचा नव्हता. तरुण बाईचा, आणि मागे कुणीतरी पहलवानांसारखं मोठ्याने हसत होतं. "फ़ौजी अंकल, अब्बू ने बता दिया. पर अब्बू क़िस्सा बीच-बीच में भूल जाते हैं और पहलवान चाचा अपनी तरफ़ से जोड़ देते हैं. आप ख़ुद आइए. मेरे सामने बैठकर शुरू से सुनाइए. फिर देखूँगी." क्षणभर थांबून ती म्हणाली, "आम लेते आइएगा. अच्छे वाले. ससुराल का मामला है."

पुण्याने विचारलं, हे काय चाललंय. दीदींनी त्याला लिहिलं, "घर की बात है, भाई साहब, आप भी सुनिए."

तिसरी गाडी रवाना झाल्यावर मी भोपाळचं तिकीट काढलं. चचांनी स्वतः निवडलेल्या फळांची करंडी गवत घालून बांधून दिली. चारबागला बायको आणि लेक सोडायला आल्या होत्या. लेकीने करंडीचा एक कान धरून जिना चढायला मदत केली आणि वर पोहोचल्यावर म्हणाली, "पापा, रोना मत वहाँ. ऑकवर्ड हो जाता है." मी म्हटलं, प्रयत्न करतो.

डब्यात माझ्या समोर एक वयस्कर गृहस्थ होते, पाय लांब करून पेपर वाचत. करंडी बघून त्यांनी वास घेतला.

"दशहरी?"

"जी."

"कहाँ ले जा रहे हैं?"

"भोपाल. माफ़ी माँगने."

त्यांनी पेपर खाली केला. "ससुराल है?"

"नहीं. ग़लती मेरी थी, घर किसी और का."

त्यांनी पेपरची घडी करून बाजूला ठेवली. मग काही न विचारता त्यांनी पाय जवळ घेतले आणि करंडी सीटखाली सरकवायला मला मदत केली.